ड्युटी संपते, ताण संपत नाही

सत्तरीत कुणाचे दुखणे वाढले, की आधी वाळपईचे सामाजिक आरोग्य केंद्र आणि तिथे भागले नाही तर बांबोळीचे गोमेकॉ, हा रस्ता ठरलेला. कोविडच्या काळात या रस्त्याच्या दोन्ही टोकांना रुग्णाच्या सर्वांत जवळ असायची ती परिचारिका, आपली ‘सिस्टर’. त्यांतल्या काही जणी तर नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या होत्या.

नव्या परिचारिकेला पहिले वर्ष एरवीही जडच जाते. आपत्कालीन विभागात कोणाकडे आधी धावायचे, डॉक्टरांना कधी हाक मारायची, हे पुस्तकातून येत नाही. ज्येष्ठ सिस्टरच्या शेजारी उभे राहून येते. २०२० साली महाविद्यालये बंद झाली आणि शिक्षण बरेचसे मोबाईलच्या पडद्यावर आले. पुढे ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने जाहीर केले, की बीएस्सी व जीएनएम झालेल्यांना ज्येष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटीवर घ्यावे. गरज खरीच होती. पण ज्यांनी शिकवायचे, त्या ज्येष्ठ सिस्टरनाच तेव्हा मान वर करायला फुरसत नव्हती.

त्यानंतर आठ दिवसांनी ११ मे उजाडला. त्या पहाटे २ ते ६ या वेळेत गोमेकॉत २६ रुग्ण दगावल्याचे आरोग्यमंत्री व वाळपईचे आमदार विश्वजित राणे यांनीच सांगितले. सिलिंडरच्या ट्रॉली बदलताना ऑक्सिजनचा दाब कमी होतो, ही बाब उच्च न्यायालयासमोर आली. त्याच महिन्यात तिथे द्रवरूप ऑक्सिजनची मोठी टाकी बसली. दुसरा दिवस, १२ मे, जागतिक परिचारिका दिन होता.

अशा वेळी वॉर्डात उभ्या असलेल्या मुलीचा विचार करा. ऑक्सिमीटरवरचा आकडा खाली येताना तिला दिसतो. मास्क नीट बसवणे, रुग्णाला पालथे झोपवणे, डॉक्टरांना बोलावणे, एवढेच तिच्या हातात. पाइपातला दाब तिच्या हातात नाही. नातेवाईक मात्र जाब तिलाच विचारतात. पीपीई किटमध्ये तासन्‌तास पाण्यावाचून राहण्याचा थकवा झोपेने जातो; ‘माझे काही चुकले का?’ हा प्रश्न झोपेने जात नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे सर्व्हर बंद पडला, तर दुसऱ्या दिवशी बैठक होते. काय झाले, का झाले, यावर बोलणे होते. बोट माणसाकडे न दाखवता व्यवस्थेतला दोष शोधायचा, अशी रीत आहे. जिथे माणसे दगावतात, तिथे तर अशी बैठक हवीच. कठीण ड्युटीनंतर पंधरा मिनिटांचे बोलणे, नव्या मुलीसोबत एक ठरलेली ज्येष्ठ सिस्टर आणि सलग रात्रपाळ्यांना मर्यादा, याला फार पैसा लागत नाही.

घरच्यांचाही यात वाटा आहे. मुलगी ड्युटीवरून आली, की ‘आज किती गेले?’ असे विचारू नये. ‘जेवलीस का?’ एवढे पुरे. बोलावेसे वाटले की ती बोलेल. झोप उडाली, रडू आवरेनासे झाले किंवा कामावर जायची धास्ती वाटू लागली, तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर समुपदेशक भेटतात. त्यात लाज कसली?

साथ ओसरली. टाळ्या-थाळ्यांचा आवाजही विरला. त्या वर्षी रुजू झालेल्या मुली मात्र आज तिथेच उभ्या आहेत आणि आता नव्यांना शिकवण्याची पाळी त्यांची आहे. आपल्या वाड्यावर अशी एखादी सिस्टर असेल, तर सवडीने तिच्याशी बोला. सल्ला देऊ नका, नुसते ऐका.