सरकीचं तेल आणि जीएमची भीती

भारतात जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेलं अन्न येऊ द्यावं की नाही, यावर गेली पंधरा-सोळा वर्षं चर्चासत्रं झडताहेत, मोर्चे निघताहेत, न्यायालयात तारखा पडताहेत. यातला पहिला गैरसमज प्रश्नातच आहे, कारण जीएम अन्न आपल्याकडे कधीच आलेलं आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आज देशातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे. जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली की सरकी तेलगिरणीत जाते. तिचं तेल रिफाइंड होऊन फरसाणाच्या, वेफर्सच्या, हॉटेलांच्या कढयांत पडतं आणि उरलेली ढेप गाई-म्हशींपुढे. सोयाबीन तेलाचंही तसंच. आपण ते मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून आणतो, तिथलं जवळपास सगळं सोयाबीन जीएम आहे आणि त्याच्या तेलाच्या आयातीला २००७ सालीच हिरवा कंदील मिळालेला आहे.

हे वाचून कढई ओतून द्यायची गरज नाही. जनुकाच्या सांगण्यावरून पिकात तयार होतं ते प्रथिन, आणि रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरतच नाही. सरकीत घाबरण्यासारखं काही असेलच तर ते गॉसिपॉल, आणि ते निसर्गानेच तिथे ठेवलेलं आहे. कापूस देशी असो वा बीटी, सरकीत ते असतंच. शुद्धीकरणात ते काढावं लागतं, म्हणून सरकीचं कच्चं तेल तसंच खात नाहीत.

“हल्ली सगळंच जीएम झालंय, म्हणून चव गेली”

बिनबियांची द्राक्षं, दगडासारखे टोमॅटो, तैवान पपई, ब्रॉयलर कोंबडी अशी यादी लोक धडाधड वाचून दाखवतात. यातलं एकही जीएम नाही. भारतात व्यापारी लागवडीची परवानगी मिळून शेतात उभं राहिलेलं जीएम पीक एकच, कापूस. तासगावची ‘तास-ए-गणेश’ किंवा सोलापूरजवळच्या नान्नजची ‘सोनाका’ ही द्राक्षं शेतकऱ्यांनी बागेत वेगळी दिसलेली वेल हेरून, तिची काडी लावून वाढवलेली. दोघींचं मूळ थॉम्पसन सीडलेस, आणि तिचं बिनबियांचं असणं ही जुनी नैसर्गिक देणगी. टोमॅटो हायब्रीड आहे. लांबच्या बाजारापर्यंत टिकावा म्हणून त्याची साल जाड निवडली गेली आणि तो कच्चा तोडला जातो, त्यात चव गेली. चव गेल्याची तक्रार रास्त आहे, फक्त ती चुकीच्या पत्त्यावर जाते. हायब्रीड म्हणजे एकाच पिकाच्या दोन वाणांचा संकर, तर जीएम म्हणजे प्रयोगशाळेत नेमकं एखादं जनुक पिकात बसवणं, बहुतेक वेळा दुसऱ्याच सजीवाचं.

टोमॅटोत माशाचं जनुक घातल्याची गोष्टही सगळ्यांनी ऐकलेली असते. थंडीत गारठू नये म्हणून अमेरिकेत १९९१ च्या सुमारास तसा प्रयोग झाला होता, पण तो टोमॅटो बाजारात कधीच आला नाही. १९९४ मध्ये तिथे जो जीएम टोमॅटो विकायला आला त्यात मासा नव्हता. टोमॅटोचंच फळ मऊ करणारं एक जनुक त्यात दाबलं होतं. तो फार चालला नाही आणि काही वर्षांतच बंद पडला.

“अळी मरते, मग माणसाचं काय?”

हा प्रश्न नागपूर-अमरावतीकडच्या शेतकऱ्यापासून पुण्यातल्या डॉक्टरपर्यंत सगळे विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत आढळणारा जिवाणू. १९०१ साली जपानमध्ये रेशमाचे किडे का मरतात याचा शोध घेताना तो पहिल्यांदा हाती लागला. बीटी पिकात याच जिवाणूचं जनुक बसवलेलं असतं. त्याचं प्रथिन अळीच्या पोटात गेलं की तिथल्या अल्कधर्मी रसात विरघळतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. आपल्या जठरातला रस आम्ल असतो, त्यात हे प्रथिन इतर प्रथिनांसारखंच पचतं, आणि ते चिकटण्याच्या त्या जागा आपल्या आतड्यात नसतात. हाच जिवाणू फवारणीच्या रूपात १९३८ पासून फ्रान्समध्ये विकला जातोय आणि सेंद्रिय शेतीतही त्याला मुभा आहे. बीटी पिकाला विष म्हणणाऱ्या अनेकांच्या सेंद्रिय भाजीवर तो फवारलेला असू शकतो.

जनुक खाल्लं तर ते आपल्या अंगात शिरेल, ही भीती घालवणं त्याहून सोपं आहे. प्रत्येक घासात हजारो जनुकं असतातच. पिढ्यान्‌पिढ्या मेथी खाऊन अजून कुणाला पानं फुटलेली नाहीत.

“बीटी वांगं विषारी ठरलं, म्हणून सरकारने बंदी घातली”

इथे जरा थांबू, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेकांची जीएमविषयीची समजूत या एका प्रकरणावर उभी आहे. हे वांगं जालन्याच्या महिको कंपनीचं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली हीच कंपनी पुढे बीटी कापसाच्या व्यवहारातही होती. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते. ती एकदा फळात शिरली की बाहेरची फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे शेतकरी आठवड्यातून दोन-दोनदा औषध मारतो आणि लगेच तोडणीही करतो. आपल्या भरल्या वांग्यावर काय काय मारलेलं असतं, याची चर्चा आपण सहसा टाळतो.

१४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने बीटी वांग्याला मान्यता दिली. ओरड झाली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी स्थगिती जाहीर केली. तिची कारणं वाचली तर ‘विषारी’ हा निष्कर्ष कुठेच सापडत नाही. शास्त्रज्ञांत एकमत नाही, स्वतंत्र चाचण्या पुरेशा नाहीत, राज्यांचा विरोध आहे, वांग्याचं हे मूळघर असल्याने इथल्या शेकडो वाणांचा विचार करावा लागेल आणि घाई करावी अशी निकड नाही, अशी ती कारणं होती. तो निर्णय सावधपणाचा होता. तो चूक होता असं मी म्हणणार नाही, पण पंधरा वर्षांत त्या स्वतंत्र चाचण्या पुढे सरकल्या नाहीत. आधी चाचणी, मग निर्णय, ही स्थगितीमागची भूमिका. आपण चाचणीही घेतली नाही आणि निर्णयही.

बांगलादेशाने हेच वांगं ऑक्टोबर २०१३ मध्ये मंजूर केलं आणि पुढच्या जानेवारीत वीस शेतकऱ्यांना रोपं दिली. नंतर हजारो शेतकऱ्यांपर्यंत ते पोचलं. तिथल्या प्रत्यक्ष शेतांवरच्या अभ्यासात कीटकनाशकांवरचा खर्च एक तृतीयांशाहून जास्त घटल्याचं दिसलं.

“उंदरांना गाठी आल्या, फोटो आहेत”

फोटो आहेत, खरं. फ्रान्समधल्या सेरालिनी यांच्या गटाचा तो शोधनिबंध सप्टेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मोठाल्या गाठी आलेले उंदीर जगभर फिरले. आपल्या व्हॉट्सॲपवर ते अजून फिरतात. अडचण अशी की त्यांनी वापरलेल्या जातीच्या उंदरांना उतारवयात गाठी येतातच, जीएम मका खाल्ला तरी आणि नाही खाल्ला तरी. दोन वर्षांच्या प्रयोगात एका गटात दहाच नर किंवा दहाच माद्या होत्या. एवढ्याशा संख्येवरून फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. नियतकालिकाने २०१३ मध्ये शोधनिबंध मागे घेतला, २०१४ मध्ये तो दुसरीकडे छापून आला. गोष्ट इथे संपत नाही. युरोपीय संघाने मग पैसा घालून त्याच प्रकारच्या मक्याचा उंदरांवर दोन वर्षांचा नवा अभ्यास करवला. त्यात घातक परिणाम दिसला नाही. त्या अभ्यासाचे फोटो कुणी पुढे पाठवत नाही, कारण धडधाकट उंदराचा फोटो कोण बघणार?

कर्करोगाची दुसरी बातमी ग्लायफोसेटची. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या तणनाशकाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. ते औषधाबद्दल आहे, जनुकाबद्दल नाही. मात्र तणनाशक सहन करणारं जीएम पीक आलं की तणनाशक जास्त मारलं जातं, म्हणून या दोन गोष्टींचा संबंधच नाही असंही म्हणता येत नाही.

“सगळं जीएम सुरक्षित असल्याचं सिद्ध झालंय”

हा समर्थकांचा गैरसमज, आणि तोही तितकाच ठाम. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यास तपासले. बाजारात असलेल्या जीएम अन्नाने इतर अन्नापेक्षा जास्त धोका असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही, असा निष्कर्ष काढला. त्याच अहवालात हेही आहे की प्रत्येक नवं पीक त्याच्या गुणधर्मांवरून तपासावं लागेल. ते का, हे एका सोयाबीनवरून कळतं. १९९० च्या दशकात एका कंपनीने पोषण वाढवण्यासाठी सोयाबीनमध्ये ब्राझील नटचं जनुक घातलं. चाचणीत दिसलं की ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्यांना हे सोयाबीनही बाधेल. ते सोयाबीन तिथेच सोडून दिलं गेलं. २००० साली अमेरिकेत फक्त पशुखाद्यासाठी मंजूर असलेला स्टारलिंक मका माणसांच्या खाण्यात सापडला आणि माल बाजारातून परत घ्यावा लागला. त्यातून ॲलर्जी झाल्याचा पुरावा तपासणीत मिळाला नाही, पण मंजुरीच्या कागदावरची भिंत शेतात आणि गोदामात टिकत नाही, एवढं दिसलंच.

आपल्याकडे ती भिंत केव्हाच पडली आहे. तणनाशक सहन करणारा कापूस, ज्याला विदर्भात ‘चोर बीटी’ म्हणतात, त्याला परवानगी नाही. तरी तो दर हंगामात विकला जातो. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने तो जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला. निंदणीची मजुरी परवडत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण या बियाण्याची सरकी वेगळी होत नाही, ती त्याच गिरणीत जाते. जे बियाणं समितीने तपासून मान्य केलं त्यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो. ज्याला मान्यताच नाही, पाकिटात नेमकं काय आहे हेही माहीत नाही, त्याच्यावर हंगामाच्या सुरुवातीला दोन छापे पडले की विषय संपतो. अन्नसुरक्षेचा खरा खड्डा मला इथे दिसतो.

दोन गैरसमज चटकन. ‘टर्मिनेटर’ म्हणजे वांझ बियाणं भारतातच काय, जगात कुठेही विकलं गेलेलं नाही, आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात त्याला जागा नाही. बीटी कापसाचं पाकीट दरवर्षी घ्यावं लागतं कारण आपल्याकडचा तो बहुतेक सगळा हायब्रीड आहे, आणि हायब्रीडची सरकी पेरली तर पुढच्या वर्षी पीक एकसारखं येत नाही. आणि युरोपात जीएमवर बंदी आहे, हे अर्धसत्य. लागवड फार थोडी, स्पेन-पोर्तुगालमध्ये मका. पण तिथली गुरं आयात केलेलं जीएम सोयाबीन भरपूर खातात.

‘बीटी आलं की फवारणी गेली’ ही जाहिरातही खोटी ठरली. गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्या आणि मग दुसऱ्या पिढीच्या बीटीला दाद देणं सोडलं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं पोखरली गेली. त्याच हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. हे अन्नातल्या जनुकामुळे झालं नाही. एकच तंत्र सगळीकडे, सलग वर्षानुवर्षं पेरल्याने अळी सरावली, आणि अंगावर धड कपडे नसताना जहाल औषधं मारायची वेळ आली. जीएमला विरोधच करायचा तर तो या मुद्द्यांवर करता येतो. बियाण्याची मक्तेदारी, अळी सरावू नये म्हणून लावायचा बिनबीटी पट्टा न लावणं, किमती, हे सगळं खरं आहे. त्यासाठी वांग्याला विषारी ठरवायची गरज पडत नाही.

शंका वाढते ती मात्र लपवाछपवीने. बीटी वांग्याच्या विषारीपणाच्या आणि ॲलर्जीच्या चाचण्यांची आकडेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लोकांसमोर आली. जीएम मोहरीच्या वेळी, २०१६ मध्ये, सरकारने संकेतस्थळावर सारांश टाकला आणि पूर्ण दस्तऐवज पाहायचा असेल तर वेळ ठरवून दिल्लीतल्या मंत्रालयात या, असं सांगितलं. मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये सशर्त मान्यता मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर दोन वेगळे निकाल दिले. पुढचं पीक मोहरी असो, वांगं असो की आणखी काही, त्याच्या चाचण्यांची मूळ आकडेवारी निर्णयाच्या आधी, सर्वांना उघड आणि मराठीसह भारतीय भाषांत मिळाली पाहिजे. ही मागणी विरोधकांनी जितकी करावी, तितकीच समर्थकांनीही करावी.