कात्री कुणाच्या हाती?

गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या रुळावर सौंदड लागते. हा सारा झाडीपट्टीचा मुलूख. धान घरात आले, दिवाळी उलटली, की होळीपर्यंत येथे नाटकांचा हंगाम! दिवसा शंकरपट, रात्री नाटक. आणि ते संपायचे पहाटे. वडसा ही या धंद्याची पेठ. तेथल्या कितीतरी कंपन्या नटांच्याच मालकीच्या. नाटक कोणते घ्यायचे, पद कोठे टाकायचे, कोणता प्रवेश रंगवीत न्यायचा, हे तोंडाला रंग लावणारा माणूसच ठरवतो. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली 'पद्मश्री' मिळाली, ती याच रंगभूमीवर हयात घालवून.

हाच नट कॅमेऱ्यापुढे गेला म्हणजे मात्र त्याची मोठी पंचाईत होते. मरणाचा प्रसंग सोमवारी आणि लग्नाचा गुरुवारी! डोळ्यांतले पाणी ठेवायचे की कापायचे, हे तो घरी निजलेला असताना संकलक ठरवतो. मग गाजलेल्या नाटकाचा चित्रपट किंवा कादंबरीची मालिका निघाली, की नट म्हणतो, 'पटकथेत मलाही बोलू द्या.' लेखक-दिग्दर्शक याला नखरा म्हणतात. तो नेहमीच नखरा असतो असे नाही.

हे दुखणे जुनेच आहे. बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त १९३५ साली संत एकनाथ झाले. तेथे शांतारामबापूंची शिस्त! पुढे १९३७ साली 'साध्वी मीराबाई' आला, तो 'अमृतसिद्धी' या नाटकावरून. त्यात ते पुन्हा स्त्रीवेषात, आपल्या रंगभूमीच्या रीतीने उभे राहिले. पण थिएटरात हजारोंना मोहवणारी नजाकत पडद्यावर खुलली नाही. नटाच्या मनासारखे झाले म्हणजे चित्र चांगले उतरतेच, असे नव्हे.

याउलट 'कट्यार काळजात घुसली' पाहा. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे हे १९६७ चे नाटक; खाँसाहेब वसंतराव देशपांडे. २०१५ च्या दिवाळीत ते पडद्यावर आणले सुबोध भावे यांनी, म्हणजे एका नटाने, स्वतः सदाशिवाची भूमिका करीत. लोकांनी ते डोक्यावर घेतले. पण गंमत अशी, की पडद्यावरचे खाँसाहेब सचिन पिळगावकर आणि गळा राहुल देशपांडे यांचा! रंगमंचावर ज्या भूमिकेचा प्राणच नटाच्या गळ्यात होता, ती नटानेच दोघांत वाटून दिली. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते. झाडीपट्टीतल्या गाणाऱ्या नटाला विचाराल, तर तो कदाचित मान हलवील.

कायदा काय म्हणतो? १९९४ साली स्वामित्वहक्क कायद्यात कलावंताचे हक्क विस्ताराने आले. २०१२ च्या दुरुस्तीने कामाला आपले नाव लागावे आणि लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड होऊ नये, एवढे मागण्याची सोय झाली. पण लगेच पुस्ती जोडली आहे: संकलनासाठी किंवा वेळेत बसवण्यासाठी काही भाग गाळला, तर ती मोडतोड नव्हे! शिवाय नटाने चित्रपटासाठी एकदा लेखी संमती दिली, की त्यातला हक्क निर्मात्याने वापरण्यास त्याला हरकत घेता येत नाही. करारातच वेगळे लिहून घेतले असेल तर गोष्ट निराळी.

म्हणून शहाणा नट पटकथा आधी वाचायला मागतो, बदल झाल्यास कळवण्याची अट घालतो, आणि जमल्यास निर्मितीत भागीदारी घेतो. हे सारे नाव झालेल्यालाच परवडते. झाडीपट्टीतून मुंबईस पहिल्यांदा आलेल्या पोराच्या पुढ्यात करार येतो तो छापील, आणि सही करायची असते उभ्या उभ्या.