आवृत्तिबदलानंतर लिनक्स सुरू न झाल्यास

लिनक्स प्रणालीची आवृत्ती बदलल्यानंतर संगणक सुरू झाला नाही, की हार्ड डिस्क पुसून नवी प्रणाली बसविण्याची घाई होते. डिस्कवर बोलींची ध्वनिमुद्रणे असतील, तर ती घाई घातकच होय. फर्मवेअर, ग्रब, कर्नल, सिस्टिमडी या क्रमात शेवटची खूण कोठे उमटली, हे प्रथम पाहावे. ग्रबची यादी दिसल्यास तीतून जुने कर्नल निवडावे. ते चालले, तर संशय नव्या कर्नलवर, आणि विशेषतः मूळ विभाग जोडण्यासाठी त्यास लागणाऱ्या इनिट्रॅमएफएस या फाईलवर येतो. ‘बूट’ विभाग भरल्यामुळे ही फाईल अपुरी राहते. हे साधे कारण पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. अशा वेळी चालू कर्नल सोडून इतर जुनी कर्नले काढावीत व फाईल पुन्हा तयार करावी. जुने कर्नलही अडल्यास, यूएसबीवरील लिनक्स चालवून आधी ध्वनिमुद्रणे उतरवून घ्यावीत.