भातुकली मोडते तेव्हा

महाबळेश्वरी पावसाळ्याच्या तोंडावर घरांना गवताच्या झडी बांधीत आले आहेत. झडींनी ओटी अंधारली की ती मुलांची. बोळकी निघतात, तांबड्या मातीचे कुंकू होते. दोघी मैत्रिणी चार पावसाळे हा संसार थाटतात, पाचव्या पावसाळ्यात त्यांतली एक येते, घटकाभर बसते आणि म्हणते, "हे काय बाई लहान मुलांसारखं!" दुसरीला ते फार लागते.

आम्हांला वाटते, यात कोणी कोणाचा घात केलेला नसतो. अकरा-बाराच्या सुमारास 'आपण लोकांना कसे दिसतो' हे मुलांना जाणवू लागते आणि खेळात संकोच शिरतो. तो दोघींच्या मनात एकाच दिवशी शिरत नाही, एवढेच दुःख. खेळ मात्र मरत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की यांनी १९३३ सालच्या एका व्याख्यानात किशोरवयातील कल्पनेला कृतीवाचून चालणारा खेळच म्हटले होते. ओटीवरचा संसार मनात जातो. कधी वहीतही उतरतो.

आणि हा संकोच वाट्याला येणे हेही एक भाग्यच! १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले. त्यापूर्वी कितीतरी मुलींच्या हाती भातुकली सुटण्याआधीच खरी चूल आली. रेंगाळत, आपल्या मनाने खेळ सोडण्याची सवड त्यांना कोठली?

म्हणून मागे राहिलेलीला "एवढी घोडी झालीस तरी—" असे आपण वडीलमाणसांनी हिणवू नये. बोळक्यांची पेटीही लगेच कोणाला देऊन टाकू नये. 'मोठी' झालेलीच एखाद्या दुपारी ती हळूच उघडताना आम्ही पाहिली आहे.