ओवीला तारीख कशी लावायची

वरळी कोळीवाड्यातल्या एखाद्या आजीच्या गाण्यात कालवं आली, म्हणून तिच्या काळी ती खडकावर मिळत होतीच असं धरता येत नाही. ते नाव तिला आईकडून चालीसकट आलेलं असू शकतं. मग गाण्यातून किनाऱ्याची हकिगत काढायची कशी?

रीत जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहातून उमगते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी हजारावर गावांतल्या लाखभर ओव्या जमवल्या. ओवी बहुधा दोन ओळींची. पहिलीत पाऊस, झाड, नदी. दुसरीत भाऊ, लेक, सासर. पहिली ओळ कित्येकींच्या तोंडी जवळपास तीच असते, कारण जातं फिरत असताना तयार ओळ हाताशी लागते. म्हणून एकाच ओवीवर विसंबू नये. तिची वेगवेगळ्या गावांतली रूपं शेजारी मांडावीत. सगळीकडे सारखं असेल ते परंपरेचं. एखाद्याच खोऱ्यात, एखाद्याच पिढीकडे बदललेलं असेल, ते डोळ्यांनी पाहिलेलं असण्याचा संभव जास्त. गाणारीचं गाव आणि वय तर लिहावंच, पण माहेर विसरू नये: सासरी म्हटलेल्या ओवीतली नदी बरेचदा माहेरची असते.

काळाच्या खुणा बाहेरून घ्याव्या लागतात. वरळीत त्या ठसठशीत आहेत: अठराव्या शतकाअखेरचा हॉर्नबीचा बांध, २००९चा सागरी सेतू, २०२४चा किनारी रस्ता. ओळीत पुलाचे खांब आले तर ती अलीकडची. नुसता समुद्र आला तर काहीच ठरत नाही.

ओव्यांच्या या दप्तरातला मोठा दोष मात्र विजेने घडवला. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१मध्ये सत्याग्रह झाला, तरी धरण झालंच, आणि त्या पाण्यावरची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे आली. पुढे वीज खेड्यांतही पोचली, गावोगावी पिठाच्या चक्क्या बसल्या, जाती कोपऱ्यात गेली. रान, पाणी, पाऊसमान झपाट्याने बदलले त्याच दशकांत नव्या ओव्या आटल्या. त्या दशकांतली शांतता ‘काही घडलं नाही’ अशी वाचणं ही घोडचूक.

कोळीवाड्यात आणखी एक पथ्य पाळावं. लग्नात धवलारीण म्हणते ते धवले वेगळे, कॅसेटसाठी रचलेली कोळीगीतं वेगळी; दोन्ही एका वहीत मिसळू नयेत. गाणं झालं की म्हणणारीला विचारावं, ही मासळी कुठल्या खडकावर, कोणत्या महिन्यात, स्वतः पाहिली का. तिचं उत्तर गाण्याशेजारी, पण निराळ्या रकान्यात लिहावं.