जुळ्या शब्दांचे निदान

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदूरातील माझ्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. अंगात त्राण नाही, झोप लागत नाही, छातीत अधूनमधून धडधडते, अशी त्यांची तक्रार होती. रक्ताच्या तपासण्या झाल्या, कार्डिओग्राम निघाला, थायरॉइडही पाहून झाले. सारे रिपोर्ट हाती आल्यावर मी मोठ्या समाधानाने म्हणालो, "बाई, तुम्हाला काहीही झालेले नाही." त्यांनी रिपोर्टांची फाइल उचलली, क्षणभर थांबल्या आणि शांतपणे विचारले, "मग डॉक्टरसाहेब, मला जे होते आहे, ते काय आहे?"

त्या क्षणी मी निरुत्तर झालो. पुढे विचार करताना लक्षात आले, की माझी चूक तपासणीत नव्हती, शब्दांत होती. आपण डॉक्टर मंडळी वैद्यकशास्त्र इंग्रजीतून शिकलो. त्या भाषेतील काही शब्द जुळ्या भावंडांसारखे दिसतात आणि आपण एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतो. अशा तीन जोड्या येथे वाचकांपुढे ठेवतो.

पहिली जोडी 'सिम्प्टम' आणि 'साइन' यांची. रुग्णाला जे जाणवते आणि तो जे सांगतो ते सिम्प्टम. डॉक्टरच्या डोळ्यांना, हातांना, कानांना जे गवसते ते साइन. धाप लागणे हे सिम्प्टम, तर फुप्फुसांच्या तळाशी ऐकू येणारी करकर ही साइन. मराठी परिभाषेत त्यांना अनुक्रमे लक्षण आणि चिन्ह म्हणतात; व्यवहारात मात्र आपण दोहोंनाही लक्षणच म्हणून मोकळे होतो. या दोहोंमधील अंतर वाढले त्याला एक इतिहास आहे. सन १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रने लाएनेक यांनी एका तरुण स्त्रीच्या छातीवर कागदाची सुरळी टेकवून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. तोवर वैद्याची मुख्य भिस्त रुग्णाच्या कथनावर असे. पुढे १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, नंतर सोनोग्राफी आणि स्कॅन आले. चिन्हे वाचण्याचे आपले सामर्थ्य अफाट वाढले, हे वैद्यकाचे मोठेच यश. परंतु त्याच वाटेवर रुग्णाचे बोलणे हळूहळू मागे पडत गेले.

येथूनच दुसरी जोडी सुरू होते, 'डिसीज' आणि 'इलनेस'. शब्दकोशात दोन्ही एकमेकांचे पर्याय म्हणून भेटतात. अमेरिकन वैद्य एरिक कॅसेल यांनी १९७६ मध्ये याच दोन शब्दांवर एक निबंध लिहून त्यांच्यातील भेद स्पष्ट केला. डिसीज म्हणजे शरीराच्या अवयवात घडलेला बिघाड. इलनेस म्हणजे माणसाला आलेला त्रासाचा अनुभव. आपल्या मराठीत यासाठी 'रोग' आणि 'दुखणे' असे दोन नेटके शब्द आहेत. रोग डॉक्टर शोधतो. दुखणे माणूस अंगावर काढतो. आपल्या इंदूरात तर दवाखान्यातला पहिला प्रश्नच "क्या तकलीफ है?" असा असतो. "कौनसी बीमारी है?" असे कोणी विचारत नाही. प्रश्न दुखण्याचा विचारायचा आणि उत्तर रोगाचे द्यायचे, हेच मी त्या बाईंच्या बाबतीत केले होते.

याच्या उलट बाजूही आपण रोज पाहतो. उच्च रक्तदाबात रोग असतो, पण बहुधा दुखणे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्याची कल्पनाच नव्हती. ज्यांना कल्पना असते, त्यांतलेही कित्येक "आता बरे वाटते" म्हणून गोळ्या बंद करतात. बरे वाटणे आणि बरे होणे हे वेगळे आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते. एका शब्दभेदाची ही किंमत पुढे पक्षाघाताच्या रूपाने मोजावी लागू शकते.

तिसरी जोडी 'क्युअर' आणि 'केअर' यांची. उच्चार इतके जवळ, की एकाच मुळाचे वाटावेत. तसे नाही. क्युअर हा शब्द लॅटिनमधील 'कुरा' या शब्दापासून आला, तर केअर हा जुन्या इंग्रजीतला, शोक आणि चिंता या अर्थाचा. गंमत अशी, की 'कुरा' याचा मूळ अर्थही काळजी असाच होता. रोगमुक्तीचा अर्थ नंतर चिकटला. क्युअर संपते तेथे केअर संपत नाही, हे सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारून दाखवून दिले. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत शांती आवेदना सदन सुरू झाले, तेही याच जाणिवेतून.

आता त्या शिक्षिकाबाईंकडे वळतो. आठवड्याने मी त्यांना पुन्हा बोलावले आणि या वेळी फाइल न उघडता विचारले, "तुमचा दिवस कसा जातो, ते सांगा." त्या म्हणाल्या, "दिवस जातो हो. रात्र जात नाही." यजमानांना वर्षभरापूर्वी पक्षाघात झाला होता. रात्रीतून तीन-चार वेळा उठून त्या एकट्या त्यांची कूस बदलत होत्या. मुलांना काळजी नको म्हणून कोणाला बोलल्या नव्हत्या. केअर करता करता त्या स्वतः दुखणाईत झाल्या होत्या आणि मी त्यांच्या रक्तात रोग शोधत बसलो होतो.

त्यांच्या पुतण्याला बोलावून आठवड्यातील चार रात्रींसाठी मदतनीस ठेवण्याची व्यवस्था झाली. औषध मी फारसे दिलेच नाही. दोन महिन्यांनी बाई आल्या, तेव्हा थकवा पूर्ण गेला नव्हता. पण झोप लागत होती.

तेव्हापासून "तुम्हाला काहीही झालेले नाही" हे वाक्य मी दवाखान्यात उच्चारत नाही. त्याऐवजी म्हणतो, "तपासणीत रोग आढळला नाही. आता तुमचे दुखणे सांगा." असे म्हटल्यावर खुर्चीतून उठू लागलेला माणूस बहुधा पुन्हा बसतो.