शिक्का होता, मर्यादा नव्हती

जुलै २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने बेंगळूरु पोलिसांकडे तक्रार नोंदवली आणि ऑगस्टच्या प्रारंभी एका तरुण अभियंत्यास अटक झाली. प्राधिकरणाची तटबंदी फोडल्याचा आरोप त्याच्यावर नव्हता. ‘ई-हॉस्पिटल’ या सरकारी रुग्णालय प्रणालीस आधारची माहिती मागण्याची मुभा होती. तिच्याच सर्व्हरमार्फत त्याच्या मोबाइल ॲपने विचारणा केली, असा आरोप होता. रुग्णालयच विचारते आहे, असे समजून उत्तर दिले गेले.

‘सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरी’ हा दोष तंत्रदृष्ट्या निराळा, पण याच कुळातला. त्यात बाहेरचा मनुष्य सर्व्हरला एक पत्ता देतो आणि सर्व्हर तो न पारखता, स्वतःच्या अधिकारात, आतल्या यंत्रणेकडे विचारणा करतो. अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेतून २०१९ मध्ये याच वाटेने सुमारे १० कोटी अमेरिकी आणि ६० लाख कॅनडावासीयांची माहिती बाहेर गेली. हल्लेखोर पुढे दोषी ठरली. बँकेलाही नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला.

शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे, पण तेवढ्याने भागत नसे. मजकूर संपताच ‘मर्यादा’ मुद्रा उमटवली जाई, म्हणजे खाली कोणी ओळ घुसडू नये. पत्र कोणाचे, हा एक प्रश्न. त्यातील मागणी खरोखर त्याचीच का, हा दुसरा. सेवेत असताना मीही केवळ वरचा शिक्का पाहून कित्येक कागद पुढे सरकवले आहेत. सर्व्हर हीच चूक क्षणार्धात लाखो वेळा करू शकतो. म्हणून त्याने कोणत्या पत्त्यांशी बोलावे याची यादी बांधून द्यावी लागते आणि आतल्या यंत्रणेनेही प्रत्येक विचारणा स्वतंत्रपणे तपासावी लागते.

त्याच ऑगस्टच्या २४ तारखेला, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील कुचराईसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र कलम १७ अन्वये केंद्र सरकार राष्ट्रीय सुरक्षा, सुव्यवस्था आदी कारणांसाठी शासकीय संस्थांना या कायद्यातून वगळू शकते. ही सवलत त्या कारणांपलीकडे जाता कामा नये. सरकारी रुग्णालयाच्या खिडकीशी आधार क्रमांक सांगणाऱ्या रुग्णापुढे दुसरा पर्याय नसतो. त्याची माहिती निसटली, तर ती नेणाऱ्याबरोबरच ती सांभाळणाऱ्या कार्यालयालाही जाब विचारला गेला पाहिजे.